खाल्ल्या मिठाला

योकोतेच्या दवाखान्यात खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ.
डाव्या कुशीवर वळा, म्हणते मी,
आणि कुमागाई क्यूझो, वय एकाहत्तर,
चाळीस हिवाळे साकेच्या पिंपांत तांदूळ ढवळलेला माणूस,
वळतो,
पोतं फिरवावं तसा, स्वतःलाच.

जेल थंड आहे, माफ करा.
"थंडी मला नका सांगू.
सकाळी छपरावरचं दोन हात बर्फ उतरवून आलोय."

पडद्यावर राखाडी अंधार हलतो.
मग झडप, माशाच्या कल्ल्यासारखी उघडमीट.
मग ती भिंत.
मी दोन ठिपके ठेवते, या कडेला, त्या कडेला:
चौदा मिलिमीटर.
दहा असते तर पुढे गेले असते.

"दणकट आहे ना?"
मान वाकडी करून तो पडद्याकडे बघतो.
काय सांगू.
दंडाची बेटकुळी पोरं चाचपून बघतात,
तळहाताच्या घट्ट्यांवरून माणसाला काम मिळतं.
या एकाच स्नायूचं असं आहे
की राबेल तितकी त्याची स्वतःची खोली
लहान होत जाते.

पलीकडून कुणी दार लोटतंय,
एकशे अठ्ठ्याहत्तरच्या जोरानं,
आणि हा अलीकडून लोटतोय,
दिवसाला लाख वेळा,
वर्षानुवर्षं,
तोंडातून चकार शब्द नाही.

गोळ्या?
"घेत होतो. काही होत नव्हतं, म्हणून सोडल्या."

काही होत नव्हतं.
तेच तर होत होतं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर त्याची बायको, फुसा.
मांडीवर रुमालात बांधलेलं काहीतरी, माझ्यासाठी:
धुरी दिलेला मुळा, कोंड्यात आणि मिठात मुरवलेला.
माझ्या आईच्या पिंपालाही हाच वास.
रस्ते बुजायचे, हिरवं पान दिसायचं नाही मार्चपर्यंत,
मीठ होतं म्हणून आम्ही आहोत.
आणि आता हे हृदय
खाल्ल्या मिठाला जागतंय.

हे मी बोलत नाही. मी फक्त मोजते.
बोलतात डॉक्टर हातासे, खुर्ची पुढे ओढून:
पक्षाघात, चुकणारे ठोके,
एखाद्या सकाळी छपरावर, फावडं हातात असताना.
क्यूझो बुटांकडे बघतो.

फुसा पिशवीतून कॅलेंडर काढते,
खताच्या दुकानाचं, फुकट मिळालेलं.
रोजच्या चौकोनात पेन्सिलीचे दोन आकडे:
वरचा बर्फाचा, सेंटिमीटरमध्ये,
खालचा नवऱ्याचा.
"झोपला की पट्टा बांधते. जागेपणी नाही म्हणतो."
क्यूझो वळून तिच्याकडे बघतो, पहिल्यांदाच.

चोवीस जानेवारी. एकशे दोन. एकशे एक्याऐंशी.
मला ते दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे वाटले:
छपरावर किती साचलंय.

पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये ते पुन्हा आले.
रुमालात या वेळी चेरी.
डाव्या कुशीवर वळा.
कड, कड. ठिपका, ठिपका.
तेरा.

एक मिलिमीटर म्हणजे माझ्या हाताची चूकही असू शकते,
श्वास कुठे अडला त्याची, यंत्राची.
पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं.
स्टुलावर कॅलेंडर उघडलेलं,
चौकोनात वरची जागा रिकामी,
पेन्सिल खालच्या जागेवर थांबलेली.

"किती?" फुसा.
तेरा, म्हटलं मी.
पण पेन्सिलीनंच लिहा.