ती बोट, ते बोट

ओढणी पिशवीत. बांगड्या पिशवीत.
केसांना दोन रबरं.
कोठारे सर नजरेनेच हिशेब घेतात,
मग म्हणतात, "हं."
तोवर मी टिटवीला हात लावत नाही.

पवईच्या काठावर अजून उजाडतंय.
गळ टाकून बसलेले दोघे आमच्याकडे रागाने बघत
वीस पावलं सरकतात, दर रविवारी तेवढीच.
बेटाजवळ पडलंय ते मगर की ओंडका,
यावर सरांचं नि माझं सहा वर्षं भांडण.

टिटवी घोडीवर, नाडीने आवळलेली.
सव्वा हात लांब, प्लायवुडची, नाकाशी ठिगळ.
इंजिन मुठीएवढं, इंधनात एरंडेल,
म्हणून इतक्या सुंदर तलावाकाठी मला
जुलाबाचा चमचा आठवतो.

स्टार्टर सरांनी स्वतः केलेला:
कुर्ल्याच्या भंगारातली मोटर, लोहार चाळीतली जाड वायर,
सुनेच्या स्कूटरची जुनी बॅटरी
आणि बोट उचललं की मरणारं बटण.
"खटका नको. खटका लावून माणूस विसरतो."

इंधनाची बाटली, बूच लावून, चार पावलं मागे.
"याची ज्योत उन्हात दिसत नाही.
आपण पेटलोय
हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं."

हे सगळं ते डाव्या हाताने दाखवत सांगतात.
त्या हाताची तर्जनी अर्धीच.
उरलेली कुठे गेली, मी विचारलं नाही.
एकदा आपणच म्हणाले,
"मराठीचा पेपर सोपा असतो.
ती बोट, ते बोट.
ती परत बांधता येते."
आणि पाना पुसत बसले.

पहिल्या वर्षी मी घाई केली.
इंधन जास्त झालेलं, सिलिंडर तुडुंब,
आधी चक्र हाताने फिरवून बघायचं, तर थेट बटण.
पट्टा ताणला, मोटर कण्हली,
आत काहीतरी मोडलं, अडकित्त्यात सुपारी मोडावी तसं.
द्रव दाबून दबत नाही,
हे मी नववीत लिहिलं होतं, पूर्ण मार्क मिळाले होते.
वाकलेला कनेक्टिंग रॉड सरांनी
माझ्याच किल्ल्यांच्या जुडग्यात ओवला.
बोलले काही नाहीत.
अजून ऑफिसात टेबलावर पर्स ठेवली की वाजतो.

गेल्या दिवाळीपासून सरांचा उजवा हात थरथरतो.
"बेअरिंग गेलंय," म्हणतात, इंजिनाबद्दल बोलावं तसं.
तेव्हापासून ती त्यांनी धरायची,
स्टार्टर मी.

पट्टा चक्राच्या खाचेत, खालून वर.
पंख्याच्या रेषेत कुणी नको:
सर नकोत, मी नको,
बिस्किटाच्या आशेने आलेला तो पिवळा कुत्रा नको.
इंजिनाने आवाज धरला की पट्टा ढिला, लगेच,
घासत ठेवायचा नाही, कौतुक करत बसायचं नाही.

आज चक्र हाताने फिरवते.
अर्ध्या फेरीत अडतं.
जोर लावावासा वाटतो. आठची बस आहे,
घरी दूध यायचंय, आणि माझ्या हातात
बारा व्होल्टचं, तयार असलेलं उत्तर.

स्टार्टर खाली ठेवते.
पाना मागायला वळते, तर तो समोर धरलेलाच,
हवेत थरथरत.

आधी क्लिप दूर. मग प्लग बाहेर. वर चिंधी.
आता बटण: पिचकारी चिंधीत,
एरंडेलाचा वास कोपरापर्यंत.

पुन्हा हाताने. एक फेरी. दुसरी.
चिकट, पण मोकळी.
प्लग बसवते, क्लिप लावते.
सर टिटवीला धरतात, साडेनऊ बोटांनी, घट्ट.
गळवाल्यांनी आधीच कानांत बोटं घातलीत.

बटण.

बेटाजवळचा ओंडका
सावकाश पाण्यात उतरतो.
सर म्हणतात, "हं."