हळदीचे कागद

मंडळाच्या रजिस्टरात एकतीस नावं,
रविवारी सकाळी सातला वसमतच्या स्टँडवर आम्ही तिघं.
गव्हाणे सर आणि त्यांच्या गुडघ्याचा पट्टा,
एमेस्सीच्या दुसऱ्या वर्षाची मुनीरा,
आणि मी, कॉलेजातला निवृत्त प्रयोगशाळा परिचर,
मांडीवर बिस्किटांचं खोकं,
खोक्यात परीक्षानळ्या, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेल्या.

चौतीस वर्षं मी नळ्या धुतल्या.
फुटली की पगारातून कापायचे;
म्हणून अजून टमटम वळणावर कलली
की माझा हात आधी खोक्याकडे जातो, मग दांड्याकडे.

सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘रसायनाशी मैत्री’.
आम्ही हळदीचे कागद वाटले.
मोंढ्यात सांडलेली हळद, स्पिरिटात भिजवलेली,
गाळणकागद माझ्याच गच्चीवर वाळलेले
(बायको विचारते, घरात लग्न कुणाचं आहे?).
साबणाचा थेंब पडला, कागद लाल.
लिंबू पिळलं, परत पिवळा.
मुनीरा म्हणाली, आम्ल. आम्लारी.
खिचडीच्या चुलीपासून कौतिकाबाई म्हणाल्या,
‘हे तर मला ठाऊक हाय की.
लुगड्यावरचा हळदीचा डाग साबणानं लालभडक होतो.
कामून होतो, तेवढं सांगा.’
सरांनी सांगितलं.
त्यांनी ऐकून घेतलं, खिचडी ढवळली,
‘मग चुन्यानंबी होत असंल. कुंकू तसंच करत्यात.’
सरांनी खडू खाली ठेवला.

‘प्रश्न विचारा’ म्हटलं की कुणी विचारत नाही,
हा आमचा सतरा शाळांचा अनुभव.
टाळ्या होतात, आभार होतात, नळ्या मोजून खोक्यात जातात.
त्या दिवशी मोजणी नवापाशी आली तेव्हा
एक मुलगी उभी राहिली, आम्रपाली खिल्लारे, सातवी.
‘सर, आमच्या आळीतल्या समद्यांचे दात असे कामून हायत?’
तिनं तोंडावरचा हात काढला.
खडूसारखे पांढरे ठिपके, मधून तपकिरी पट्टे.

मला माहीत होतं.
इतकी वर्षं काच धुणाऱ्याला
कोणता डाग कशाचा, एवढं कळतं.
पण मी परिचर. मी सरांकडे पाहिलं.
सर म्हणाले, ‘पुढच्या रविवारी.’
हे वाक्य आम्ही यापूर्वीही म्हटलेलं आहे.

यावेळी गेलो.
मुनीरानं विभागातून लाल द्रावण मागून आणलं.
पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की लाल उतरतो.
आम्ही एक बाटली भरून घेणार होतो.
व्हरांड्यात बाटल्यांची रांग होती,
खोकल्याच्या औषधाच्या, कोल्ड्रिंकच्या, एक फिनेलचीसुद्धा,
प्रत्येकीवर शितांनी चिकटवलेला वहीचा तुकडा:
मारुतीपुढचा आड. शाळेचा हातपंप.
विहारामागचा बोअर, तीनशे ऐंशी फूट.
खोली तिनं बोअरवाल्याला गाठून विचारली होती.

फिनेलची बाजूला काढली, तरी एकोणीस.
द्रावण सातांपुरतं.
कोणत्या सात, म्हणून सर विचारात पडले.
‘मी सांगते,’ आम्रपाली म्हणाली.

आडाचं पाणी लालच राहिलं.
बोअरच्या नळीतला लाल गेला,
फिकट पिवळं काहीतरी उरलं.
मागून एका पोरानं विचारलं, ‘लिंबू पिळलं का, सर?’
कुणी हसलं नाही.

इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे.
उपस्थिती तीन. टमटम एकशे ऐंशी रुपये.
‘फलित’ या रकान्यात सर नेहमी सांगतात,
विद्यार्थ्यांमध्ये उत्साह, असं लिहा.
मी लिहिलं, बारा बाटल्या बाकी.

अर्ज तालुक्याला गेलाय, आवक क्रमांक पडलाय.
द्रावणाची बाटली विभागाच्या खरेदीत अडकलीय.
बारा बाटल्या आमच्या जिन्यात आहेत, नावानिशी.
बायको त्यांच्या कडेकडेनं झाडते,
विचारते, किती दिवस?
मी म्हणतो, येत्या रविवारी.