तेलाचा थेंब

सुई पंचवीस नंबरची, केसाहून जरा जाड.
शेफील्डमध्ये बारीक पोलादाचं
कुणाला नवल नाही.

मॉरीन स्टॅनिफोर्थ, वय एकाहत्तर.
एकतीस वर्षं कारखान्यात चमच्यांना पॉलिश केलं.
मी विचारलं नव्हतं, तीच सांगत होती:
"चमच्याच्या पाठीत तोंड वाकडंच दिसतं की गं.
डावा डोळा खाली सरकलाय,
हे वर्षभर मी चमच्यावरच ढकललं."

खाली बघा, नाकाच्या शेंड्याकडे,
डॉक्टर ओबियोरा म्हणाले.
भुवईखाली, बाहेरच्या कोपऱ्यात,
अश्रू जिथे तयार होतात तिथे
सुई शिरली,
चार-पाचदा मागेपुढे झाली
आणि निघाली.
"दुखलं?"
"आत्ता नाही. रात्री दुखतं."
ते ऐकून आम्ही दोघांनी
एकमेकांकडे बघायचं टाळलं.

काचेवर ओला ठिपका, तांदळाच्या कणीएवढा.
एक काच हवेत हलवून वाळवली,
दुसरी स्पिरिटात.
खिडकीबाहेर ट्राम चढ चढत होती,
रिकामी.

डोळ्यात तेल घालून बघ,
आई म्हणायची, खडे निवडायला बसवून.
इथे मी खरंच घालते:
शंभराच्या भिंगाखाली
मॉरीनच्या डोळ्यामागून आलेल्या त्या कणीवर
तेलाचा एक थेंब.

लहान, काळसर पेशी, एकमेकींना बिलगलेल्या,
आणि त्यांच्या मधोमध
गोल, गुलाबी, काचेसारखे मणी.
सुंदर.
हा शब्द मी प्रयोगशाळेबाहेर काढत नाही.

लिम्फोमा निघू दे, असं सकाळी मनात आलं होतं.
माणूस कशाकशासाठी नवस बोलतं!
हे मणी या जागेतून आलेले
बावीस वर्षांत तिसऱ्यांदा बघतेय.
त्यामुळे स्वतःवर विश्वास ठेवायला
संध्याकाळ झाली.
"शी सुसंगत" असं लिहिलं,
खोडलं, पुन्हा तेच लिहिलं.
कणीभर पुराव्यावर
त्याहून मोठं वाक्य पेलत नाही.

ओबियोरांना फोन केला.
पलीकडून बराच वेळ नुसता श्वास,
मग, "गुरुवारी बोलावतो. तिची मुलगी सोबत असेल."

कॅन्टीनमध्ये चहा घेतला.
चमच्याच्या दांडीवर गावाचं नाव,
अर्धं झिजलेलं.
उलटा धरला.
तोंड वाकडं, सगळ्यांचं दिसतं तसंच.
तरी दोन्ही डोळ्यांची पातळी
मी ताडून पाहिली.