सहावा छर्रा

कोट दोन, आणि आम्ही पाच अंपायर.
एक बसवण्णेप्पा मास्तरांच्या मापाचा,
म्हणजे मला गुडघ्याखाली येणारा.
दुसरा कुणाच्याच मापाचा नाही;
खडेबाजारात नदाफ टेलरनं शिवताना
कुठल्या डॉक्टरचं माप धरलं होतं, देव जाणे.

सोमवार ते शनिवार मी उद्यमबागेत,
वाळूच्या साच्यांत लोखंड ओतत.
नाकातलं काळं निघतं, नखातलं निघत नाही.
रविवारी नीळ दिलेला कोट.
आमची ही म्हणते,
"दवाखान्यातनं पळून आल्यागत दिसूलाय तुम्ही."

चेंडू मोजायला मास्तरांकडे मलप्रभेतले खडे,
माझ्याकडे बेअरिंगचे सहा छर्रे,
भंगारातले, तेल पुसून घेतलेले.
उजव्या खिशातून डाव्यात, एकेक:
ओंदु, एरडु, मूरु.
मराठीत मोजायला गेलो की चुकतो.
शिकवलं मास्तरांनी, तेव्हा आकडे त्यांचे,
बोटं माझी.
रन मात्र मराठीत. का, ते विचारू नका.

संध्याकाळी वडगाव नाक्यावर मिरची भजी,
एका बाकावर पाच ढुंगणं.
आंतोन कबूल करतो, नो-बॉल दिसलाच नाही,
चष्म्यावर घाम होता.
मुजावर बशीतला चहा फुंकत राहतो, म्हणजे त्याचंही काहीतरी आहे.
बाकावरचं बाकावर.
खेळाडूंना सांगत नाही आम्ही. घरीही नाही.

गेल्या फेब्रुवारीत काकती आणि कडोली.
शेवटची ओव्हर, कडोलीला दोन हव्यात,
स्ट्राइकवर सातेरी.
मी उजव्या खिशात हात घातला.
काही नाही.
"ओव्हर," म्हणालो, आणि बेल्स उचलल्या.
काकतीची हलगी तयारच होती.
सातेरी बॅट काखेत धरून उभा,
शेवटची बस गेल्यावरही
माणूस स्टॉपवर उभा राहतो तसा.
"पाचच झाले की, काका."
मी खिसा उलटा करून दाखवला,
पांढरा, रिकामा,
कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबता.

दिवाळीच्या आधी कोट धुताना
हिच्या हाताला खालच्या दुमडीत गोल लागलं.
वर खिशाच्या शिवणीला भोक,
करंगळी जाईल एवढं.
तिनं साबणाच्या हातानं
ते माझ्या तळव्यावर ठेवलं.
आरु.

बाकावर ठेवला छर्रा. भजी निवली.
मास्तरांनी उचलून तो
आपल्या खड्यांशेजारी धरला, वजन केल्यागत.
"होगलि बिडु," म्हणाले. जाऊ दे.
मग बऱ्याच वेळानं, मराठीत:
"कडोलीला बस कितीला?"

सातेरीचं पंक्चरचं दुकान रस्त्याला लागून.
मी कोट घालूनच गेलो.
छर्रा दाखवला, भोक दाखवलं.
तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा शोधत होता,
सापडेपर्यंत बोलला नाही.
मग खडूनं खूण केली, हात पुसले.
"मग टाका की."

बॅट म्हणून जॅकखालची फळी.
स्टंप म्हणून ऑइलचा डबा.
चेंडू पोराचा, रबरी, एका बाजूनं चावलेला.
वीस वर्षांत मी चेंडू टाकलेला नाही,
फक्त पडलेले बघितलेत.
कोट काढून ट्यूबांच्या खिळ्याला अडकवला.
पावलं मोजली, ओंदुपासून.
उसाचा एक ट्रॅक्टर जाऊ दिला.

चेंडू पडला, खडीवर लागून आत आला,
थेट त्याच्या नडगीवर. मागे डबा.
मी ओरडलो,
कुणाच्या घशातला आवाज होता कोण जाणे,
"हाऊज दॅट!"
आणि मागे वळलो.

खिळ्यावर कोट. ट्रॅक्टरच्या वाऱ्यानं
एक बाही थोडी हलत होती.

सातेरीनं फळी खाली टेकवली नव्हती.
"कुणाकडं बघूलाय, काका?"