वाटाण्याएवढं

हत्तुरे डॉक्टरणीने बोटाच्या टोकावर दाखवलं:
एवढंच. सगळ्या चेहऱ्याला मिळून एवढंच.
मी मान हलवली, आणि त्याच रात्री
चारपट लावलं.
मैत्रिणीचं लग्न सहा आठवड्यांवर होतं.

चौथ्या दिवशी नाकाच्या कडा सोलल्या,
हनुवटी शेंगाचटणीसारखी लाल.
धाकटा म्हणाला, काय बे, भट्टीत तोंड घातलंस?
आई विड्या वळत होती. वर न बघता म्हणाली,
तंबाखू जास्त कोंबला की पान फाटतं.
तुला काय नवीन आहे?

मग परत पहिल्यापासून.
एक रात्र आड.
अप्पांच्या कारखान्यातला टॉवेल,
कडेचा धागा सुटलेला, म्हणून घरी आलेला,
त्याने टिपायचं, पुसायचं नाही.
वीस मिनिटं कोरडं होऊ द्यायचं.
तेवढ्यात गल्लीतले माग थांबतात
आणि कान तसेच वाजत राहतात.
मग तो वाटाणा.
डोळे सोडून, ओठांचे कोपरे सोडून.

दिवसा मे महिना. चव्वेचाळीस.
अशोक चौकात मी नुसते दोन डोळे,
स्कार्फच्या आत सनस्क्रीन घामात वितळतंय.
रिक्षावाला म्हणाला, ताई, दरोडा घालायला निघालात?
हो, म्हटलं. दोन किलो कैऱ्या.

पाचव्या आठवड्यात नवे फोड,
जुन्यांच्या मांडीला मांडी लावून.
डॉक्टरणीने बघितलं: होतं असं. थांब.
बारा आठवडे धर.
लग्नाला तशीच गेले.
फोटोत मी कडेला आहे, पण दात दिसतायत.

काल नागमणी वहिनी आरशापुढे गाल दाबत म्हणाली,
मला दे ना जरा, त्या नळीतलं.
म्हटलं, चिठ्ठीशिवाय नाही.
आणि दिवस गेले असतील तर मुळीच नाही.
मला डॉक्टरणीने दार लावून दोनदा विचारलं होतं.

वहिनी काही बोलली नाही.
टोपण तिनेच घट्ट फिरवलं,
नळी माझ्या हातात ठेवली
आणि बोटं पदराला पुसली, लावलं नव्हतं तरी.

रात्री जेवणं झाल्यावर ती नेहमीसारखी
आईशेजारी पानं कातरायला बसली.
आईने सूप आपल्याकडे ओढलं.
वर न बघता म्हणाली,
तंबाखूची धूळ उडते.
तू तिकडे, दाराजवळ बस.