पोकळीचं माप

साखर कारखान्याच्या लिलावात दोन सेट मिळाले,
जोडी अठराशेला.
कधीकाळी उसाच्या जीपगाड्यांत बसवलेले.
उघडले तर मळीचा वास,
आणि वाळून कोळ झालेलं झुरळांचं एक कुटुंब.
ज्याचा माइक तुटला होता त्याला ऐकायला बसवलं,
दुसरा बोलणार.
घरांतूनही वाटणी बहुधा अशीच होते.

अडचण किल्ल्याची.
मी लष्करात, जीवाजीगंजला;
रामसेवक कुशवाह पलीकडे, हजीऱ्याला.
आमच्या लहरी नाकासमोर चालणाऱ्या,
डोंगराला वळसा घालणं त्यांना ठाऊक नाही,
आणि या किल्ल्यानं आजवर
कोणाला फुकट वाट दिलेली नाही.
थाटीपूरला भाच्याच्या गच्चीवरून मात्र
दोन्ही अंगं दिसतात.

"आत्या, रिपीटर म्हणजे काय हो?" भाच्याची बायको रोहिणी.
"स्वतःचं काही म्हणणं नसलेला माणूस.
एकाचं बारीक ऐकतो,
त्याच क्षणी दुसऱ्याला मोठ्यानं सांगतो."
"म्हणजे आमच्या सासूबाईंच्या उलट."
मी सोल्डर गरम करत राहिले.
सव्वीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजला मी तरी काय केलं?

पण बोलायला लागला की हा बहिरा व्हायचा.
स्वतःचाच आवाज स्वतःच्या कानात भरून.
बोलता बोलता ऐकता यावं,
एवढीच तर मागणी.
बाजारात त्यासाठी जो डबा मिळतो
त्याची किंमत ऐकून मी चहा मागवला
आणि विषय बदलला.

मग गिर्राज ठठेऱ्याकडे गेले.
तांब्याची सहा नळकांडी, वीतभर रुंद,
दोन फूट उंच, मधोमध दांडी, वर झाकण.
"बाई, यात भरायचं काय?"
काही नाही.
"पाणी? धान्य?" मग आवाज खाली आणून, "अस्थी?"
काही नाही, गिर्राजभाई.
पण ते काही-नाही बरोब्बर मापाचं हवं.
त्यानं हातोडा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं.
चौथं नळकांडं एका सुतानं चुकलं
तेव्हा मला न विचारताच उलगडलं त्यानं,
पुन्हा ठोकलं,
आणि जादा पैसे घेतले नाहीत.

जीपमधला सेट चार वाक्यं बोलून गप्प बसायचा,
याला तासभर बोलायचं होतं.
पंचवीस वॉटचे दहा केले.
पाठीला मोडक्या खिडकीची अॅल्युमिनिअमची चौकट,
तिच्यावर कॉम्प्युटरचा पंखा, जो थोडा खोकतो.
दिल्लीहून परवान्याचा कागद यायला अकरा महिने;
तेवढ्यात माझा एक मोतीबिंदू निघाला.
मग तीन रात्री गच्चीवर बसून
दांड्या पाव-पाव आटा फिरवत राहिले,
नव्या डोळ्यानं काटा बघत.

मंगळवारी, सव्वासातला,
"जिज्जी, सुन रईं का?"
स्वच्छ. मागे त्याच्या कुकरची शिट्टीसुद्धा.
म्हटलं, ऐकतेय.
मग दोघांनाही काही सुचेना.
त्यानं कढी केली होती, ते सांगितलं.
बेसन जरा जास्त पडलं, तेही.

"फोन होता की दोघांकडे," रोहिणी म्हणाली.
होता.
पाच वर्षांत एकदाही केला नव्हता.

रामसेवकनं बटण सोडलं
तरी माझ्या हातातल्या सेटवरचा लाल दिवा तसाच,
खरखर नाही, शब्द नाही, नुसतं उघडं दार.
"आता हे कोण बोलतंय?"
कोणी नाही.
ते मीच ठेवलंय, दीड सेकंद,
कोणाला आणखी काही आठवलं तर.
तिनं कान जवळ आणला.
मी म्हटलं, कमी पडतंय बहुतेक.
उद्या दोन करून बघते.