वारांची वही

धनपाल उपाध्येच्या वहीला हळदीचा वास येतो.
माझ्याही अंगाला येतोच, सांगलीच्या यार्डात तोलाईला असतो मी,
पण वहीचा निराळा : थंड, कोंदट,
कोल्ड स्टोरेजच्या पोत्यांतून उठून आलेला.
रात्रपाळीची रखवाली त्याची, कुपवाड रस्त्याला.
लोखंडी टेबल, भर मे महिन्यात कानटोपी,
आणि पहाटे साडेचारला मोबाईलमध्ये
संध्याकाळचं पिवळं ऊन पडलेलं एक हिरवं मैदान.

बेसबॉल त्याला कळतो असं नाही.
"विटीदांडूच की. फक्त विटी दुसराच कोण तरी फेकतोय."
त्याला कळतात ते वार.
तीन वर्षं एकेक निकाल उतरून घेतलाय,
आधी सौदेपट्टीच्या कोऱ्या पाठीवर, मग वहीत,
सात रकाने, निळी शाई घरच्या संघाला, लाल पाहुण्यांना.
सिनसिनाटी : मंगळवारी घरी, बावन्नपैकी तेहतीस.
रविवारी दुपारी सगळेच ढेपाळतात.
"शनवारचं जागरण असतंय त्यांचं," म्हणाला,
जसा काही त्यांच्या बिऱ्हाडी राहून आला होता.

आठवड्याला पाचशे मी द्यायचो.
गणपती पेठेतला चनबसू ते घ्यायचा,
चिठ्ठी नाही, पावती नाही, नुसती मान हलवायचा.
सोमवारी केस कापू नयेत, शनिवारी तेल आणू नये
हे ज्या गावात कुणी शिकवत नाही तरी सगळ्यांना येतं,
तिथे मंगळवारी सिनसिनाटी जिंकतं
हे पटायला मला वेळ लागला नाही.

मग एका पहाटे चूक ध्यानात आली
आणि छातीत धडधडलं.
"धनपाल, अरे आपल्याकडं बुधवार लागला!
तिकडं अजून मंगळवारची संध्याकाळ.
सगळी वही एका वारानं सरकली की रे!"
त्याने बशीतला चहा फुंकला.
"कुठं लागलाय बुधवार? उजाडलंय का?
रात्री बाराला बदलतोय तो मोबाईलचा वार.
आपला सूर्याबरोबर उठतोय."
वहीत पाहिलं. मंगळवारच होता.
पंचांगाने आणि सिनसिनाटीने
एकमेकांना न विचारता एकच वार धरला होता.

पुढच्या मंगळवारी आम्ही पाच हजार लावले.
आठव्या डावापर्यंत पुढे होते आपले.
(आपले! तिथल्या एकाचंही नाव
मला धड उच्चारता येत नव्हतं.)
नवव्यात पत्र्याच्या फटीतून ऊन आलं,
पोत्यांवर एक पट्टा पडला,
आणि कुंपणाजवळच्या पोराच्या हातून सोपा झेल सुटला.
त्याने टोपी काढली, आत बघत राहिला,
जणू टोपीत काही लिहिलं होतं.
"बुधवार लागला," मी म्हणालो.
धनपाल काही बोलला नाही.
निळ्या पेनाला टोपण घातलं, लाल उघडलं,
बावन्नचे त्रेपन्न केले.
तेहतीस तसेच ठेवले.

आता मी पैसे देत नाही.
वही बघायला जातो, कधीमधी.
मागच्या पानांवर एक आठवा रकाना आहे, त्याला नाव नाही.
सिएटलचे, सॅन दिएगोचे खेळ,
आपल्याकडे ऊन तासभर वर आल्यावर सुरू होणारे.
तिकडे कालचा वार, इकडे आजचा,
मोबाईलमध्ये बसत नाहीत, पंचांगात बसत नाहीत.
"ह्यांच्यावर किती लावतोस?"
"ह्यांच्यावर नाही लावत."
"मग उतरून कशाला घेतोस?"

पाळी संपली होती.
दिवसपाळीचा जिनेंद्र गेटला सायकल टेकवत होता,
पहिला ट्रक मागे येत होता, ड्रायव्हरची मान खिडकीबाहेर.
धनपालने कानटोपी काढून खिशात कोंबली,
मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवला.
"हे नुसतं बघतोय," म्हणाला,
आणि मला बसायला जागा केली.